कूलर उतरवण्याचा मान

शालिकराम डोमाजी बोरकुटे, वय एकोणसत्तर, निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार नंदनवन, हे गल्लीत हिवाळा जाहीर करण्याचे अधिकार स्वतःकडे राखून आहेत. हिवाळा लागला म्हणजे खिडकीतला कूलर उतरला. गेल्या वर्षी हा मान शेजारच्या जितेंद्रने पटकावला होता. म्हणून यंदा दसरा उलटताच, पहाटेच्या एका गार झुळुकीवर विसंबून, शालिकरामांनी पाना काढला.

"काहून घाई करून राहिले जी? ऊन तं जाऊ द्या!" बायको मनकर्णा म्हणाली.

"तुले नाई समजत. हवा बदलली!"

आठ वाजेपर्यंत कूलर खाली आला होता, त्याच्या बाजूंच्या ताट्यांतला गवती वाळा कचऱ्यात गेला होता आणि शालिकरामांच्या डोक्यावर माकडटोपी चढली होती.

"काकाजी, यंदा तुम्हीच जिंकले!" जितेंद्र कुंपणावरून ओरडला. शालिकरामांना आभाळ ठेंगणे झाले.

दुपारी ते जितेंद्रकडे, त्याच्या कूलरपुढे झोपले.