धुराची अट

आमच्या खरेदीखतात अकरा अटी आहेत. सहावी अशी : "लिहून घेणार यांनी सदर मिळकतीत लाकूड, कोळसा अगर गोवरी जाळू नये व शेजारील मिळकतीस धुराचा उपद्रव देऊ नये." लिहून घेणार म्हणजे आम्ही नवराबायको. लिहून देणार म्हणजे शेजारच्या बंगल्याचे साहेब आणि मॅडम. दोन खोल्या, मोरी आणि पुढे चार पावलं अंगण एवढं त्यांनी आम्हाला विकलं, आणि त्यात आम्ही कसं राहायचं तेही लिहून दिलं.

त्या दोन खोल्यांत आम्ही आधीपासूनच राहत होतो. मळवलीच्या त्या बंगल्याची राखण हे करायचे, झाडलोट आणि स्वयंपाक माझ्याकडे. शनिवार-रविवार बंगला पाहुण्यांना भाड्याने जातो. फाटकावर पाटी आहे, 'चुलीवरचं गावरान जेवण'. ती चूल बंगल्याच्या मागच्या अंगणात आहे, आमच्या भिंतीपासून दहा पावलांवर. मीच मातीने घातलेली. नऊ वर्षं तिच्यावर भाकऱ्या मीच थापल्या. पाहुण्यांच्या बाया माझ्याशेजारी बसून फोटो काढायच्या, डोळे चोळत हसायच्या आणि म्हणायच्या, "वॉव, धुराचा काय वास आहे!"

खरेदीच्या दिवशी वडगावला कचेरीत प्रत्येक पानावर सही करायची होती. मला सहीला वेळ लागतो. कारकून म्हणाला, "मावशी, आटपा. मागं लाइन हाय." मी खाली मान घालून एकेक अक्षर काढत राहिले. थांबा, आधी वाचते, असं चारचौघांत म्हणायची मला लाज वाटली. मॅडम कानाशी म्हणाल्या, "अटी नुसत्या कागदापुरत्या असतात गं. तू आमच्या घरातलीच." हे त्यांच्या पाया पडले.

भर पावसाळ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला आली. तिच्या सासूला मी सांगून ठेवलं होतं, आता आमचं स्वतःचं घर आहे, सव्वा महिना सगळं नीट करून पाठवते. मुलगी झाली. आमच्याकडे त्या दिवसांत भिंतीला हात लावला तरी हात ओला होतो. बाळंतिणीला शेक हवाच. शेकायला खालच्या वाडीतली मावशी यायची. मी आधी गॅसवरच भागवायचं म्हणत होते, तर ती म्हणाली, "पानी तापंल गॅसवर. पन गॅस काय बाजंखाली सरकवनार हाईस व्हय?"

मग शेगडी आणली. दार उघडं ठेवायचं, कोळसे फुलले की वर ओवा, शेपा, वावडिंग टाकायचं, लेकीला बाजेवर पालथं झोपवायचं. बाळाची दुपटी वर धरून कोरडी करायची. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम.

आठव्या दिवशी रविवार होता. सकाळीच मॅडम दारात आल्या, हातात खरेदीखताची झेरॉक्स.

"अगं, वर पाहुणे झोपलेत. त्यांच्या खोलीत धूर शिरलाय."

मी हातातलं दुपटं खाली ठेवलं. मावशीच बोलली, "बाई, बाळंतीन शेकतोय. धूर व्हनारच की थोडा."

"मी हिच्याशी बोलतेय. सहावी अट बघ. तू सही केलीस. अटी मोडल्या तर व्यवहार रद्द करता येतो आम्हाला. वकिलांना विचारूनच लिहिलंय."

त्या गेल्या. मावशीने शेगडी बाजूला ओढली आणि माझ्याकडे बघितलं. "म्हंजी घर तुमचं न्हाई व्हय गं? अजून भाड्यानंच ऱ्हाताय?"

लेकीने तोंड भिंतीकडे केलं.

दुपारी हे म्हणाले, "कशाला वाढवायचं? पोरीला सासरी सोडून येतो. तितं चूल हाय, तितं शेकतील."

"आठ दिसाची बाळंतीन? ह्या पावसात?"

"मग काय घर घालवायचं का?"

मी कागद काढला आणि शब्दाखाली बोट धरून सगळा वाचला. कोंबड्या-शेळ्या पाळायच्या नाहीत. बंगल्याच्या बाजूला खिडकी काढायची नाही. त्या बाजूला कपडे वाळत घालायचे नाहीत. दारात मांडव घालायचा नाही. त्यांना विचारल्याशिवाय घर विकायचं नाही. अकराच्या अकरा अटी 'लिहून घेणार यांनी' अशा सुरू होतात. लिहून देणाऱ्यांनी काय करू नये, याची एक ओळसुद्धा नाही. सही करताना माझ्या हाताखालून हे सगळं गेलं होतं. मला त्यांचा राग आला आणि माझाही आला.

वाचतानाच धुराचा वास आला. बंगल्यावर पाहुण्यांच्या जेवणासाठी चूल पेटली होती. मी बाळंतपणात अडकले म्हणून माझ्या जागी स्टेशनजवळची एक बाई त्यांनी भाकऱ्यांना बोलावली होती. ओली लाकडं, सगळा धूर आमच्या दारातून आत येऊन बाजेवर बसला. बाळ शिंकलं.

मी तशीच अनवाणी गेले. चुलीभोवती खुर्च्या टाकून पाहुणे बसले होते, मॅडम त्यांना पिठलं कसं करतात ते सांगत होत्या.

"मॅडम, चूल इझवा."

"काय?"

"माझ्या बाळंतिनीच्या अंगावर धूर येतोय. इझवा."

"अगं, यांची जेवणं व्हायचीत. आणि आमच्या जागेत आम्ही..."

"मग माझ्या जागंत मी. शेगडी सव्वा महिना पेटनार. लेक कुटं जानार न्हाई. तुमाला कोर्टात जायाचं तर जावा. तितं मी ह्या चुलीचं बी सांगन."

इतकं मी त्या अंगणात नऊ वर्षांत मिळून बोलले नव्हते. भाकरी थापणारीचा हात थांबला. एका पाहुणीने विचारलं, "किती दिवसांचं आहे बाळ?" मी म्हटलं, "आठ." तिने ताट खाली ठेवलं.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. सगळं ऐकून मोठ्या मनाने म्हणाले, "जाऊ दे. माणुसकी म्हणून आम्ही सव्वा महिन्याची परवानगी देतो."

परवानगी! माझ्या घरात माझ्या लेकीला ऊब द्यायची परवानगी! आणि हे माझ्यामागून धावत आले होते, त्यांनी हात जोडले. "उपकार झालं साहेब." मॅडमच्या कागदापेक्षा त्या जोडलेल्या हातांचा मला जास्त राग आला. चूल काही त्यांनी विझवली नाही. मी घरी येऊन दाराला चादर लावली.

पण शेगडी रोज पेटली. सव्वा महिन्यात लेकीच्या अंगावर तेज आलं, बाळाने बाळसं धरलं. तिच्या सासूबाई न्यायला आल्या तेव्हा नातीला उचलून म्हणाल्या, "वजनदार झाली की!" बंगल्यावरच्या भाकऱ्या मी सोडल्या.

लेक गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचा ह्यांना फोन. "आता बंद ना?" ह्यांनी "व्हय साहेब" म्हटलं आणि शेगडी माळ्यावर टाकायला उचलली.

"खाली ठिवा," मी म्हटलं.

"आता कुनाला शेकायचीस?"

"माझं गुडघं."

"आगं, पन अट..."

"अट वाचलीया मी. ठिवा खाली."

त्यांनी ठेवली आणि दारात जाऊन बंगल्याकडे बघत उभे राहिले. मी दोन मुठी कोळसे घातले.