चांदणीला पुन्हा चालवणाऱ्या सुमतीबाई

डॉ. सुमती वालावलकर यांना मी प्रथम पाहिले ते कल्याणमधल्या एका तबेल्यात. एक म्हैस अडली होती. मी सरकारी दवाखान्यात तीन वर्षे मुरलेला डॉक्टर, दोन तास झटत होतो आणि रेडकाचा मुडपलेला पाय काही हाताला लागत नव्हता. त्याच दिवशी दवाखान्यात रुजू व्हायला आलेल्या सुमतीबाई, दवाखान्याला कुलूप दिसले म्हणून विचारत विचारत तबेल्यापर्यंत पोहोचल्या. नवी सुती साडी, खांद्याला पिशवी. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, मी प्रयत्न करू? माझा हात बारीक आहे."

वीस मिनिटांत रेडकू बाहेर आले, तेही जिवंत. साडीची काय अवस्था झाली ते सांगत नाही. तबेल्याचे मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, या बाईंची बदली होऊ देऊ नका हां." मी हसून मान हलवली. सुमतीबाईंबद्दल मला जे वाटत आले आहे त्याची सुरुवात त्या क्षणी झाली. त्याला हेवा म्हणतात. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी आठ दिवस कळवलेच नाही, त्याचे कारणही तेच. शेवटी ठरवले की लिहायचे तर हे न लपवता लिहायचे.

दवाखान्यात आम्ही अकरा वर्षे एकत्र काढली. त्यांच्या कामाची पद्धत सांगण्यासारखी आहे. जनावराला हात लावण्यापूर्वी त्या त्याच्याकडे बघत बसत. बाहेर रांग असली तरी बसत. मला हे वेळ घालवणे वाटे. मी मुद्दाम घड्याळाकडे पाहत असे आणि ते त्यांना दिसेल असे पाहत असे. त्यांनी कधी उलट शब्द काढला नाही. पुढे त्यांनी डोंबिवलीत स्वतःचे काम सुरू केले, मी निवृत्तीनंतर ठाण्यात वागळे इस्टेटजवळ कुत्र्यामांजरांचा दवाखाना थाटला. आता तरी तुलना संपेल असे मला वाटले होते. पण माझ्या पत्नीच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा सुमतीबाई स्वतःहून फोन करून म्हणाल्या, "सर, तुम्ही वहिनींजवळ थांबा, दवाखाना मी बघते." तीन आठवडे त्या डोंबिवलीहून रोज येत होत्या. मी परत खुर्चीवर बसलो त्या दिवशी पहिल्याच गृहस्थांनी कुत्र्याला कडेवर घेतले, दारातून आत डोकावले आणि विचारले, "मॅडम नाहीत का आज?"

मी त्यांना बाहेर बसायला सांगितले. विनाकारण अर्धा तास.

आता चांदणीची हकिकत. ही मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेली नाही.

चांदणी ही डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या गजाननशेठ म्हात्र्यांची पांढरी घोडी. शेठ तिथले जुने जमीनमालक. भातशेती गेली, इमारती आल्या, पण घरामागचा एक मोकळा तुकडा आणि त्यावरची पागा त्यांनी राखून ठेवली होती. चांदणीची आई तिला जन्म देऊन गेली, तेव्हा शेठच्या पत्नी मंदावहिनींनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवले. पंचक्रोशीतल्या वरातींत चांदणी नाचायची. बँजोच्या ठेक्यावर पुढचे पाय उचलून जागच्या जागी गिरक्या घ्यायची आणि लोक मोबाइल वर धरून उभे राहायचे.

तीन वर्षांपूर्वी लग्नसराईत एका वरातीनंतर ती लंगडू लागली. शेठचा मला फोन आला. "डाक्टर, चांदनी पुरचा पाय टेकीत नाय." मी गेलो. पुढचा डावा पाय, खूर किंचित गरम. लंगडणाऱ्या घोड्याच्या खुरात बहुतेक वेळा पू निघतो, म्हणून मी पाच मिनिटांत निदान केले, तळवा कोरला, पोटीस बांधले आणि निघालो. पू निघाला नाही. दोन दिवसांनी पुन्हा कोरले. तेव्हाही निघाला नाही. दहाव्या दिवशी पट्टी बदलायला गेलो, तर पागेत पालथ्या घमेल्यावर सुमतीबाई बसलेल्या. मंदावहिनींनी मला न विचारता त्यांना बोलावले होते.

सुमतीबाई उठून उभ्या राहिल्या. "सर, पेशंट तुमचा आहे. तुम्ही हो म्हणालात तरच हात लावते."

मंदावहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

त्यांनी घोडीला सरळ चालवून पाहिले, मग डाव्या अंगाने गोल. गोलात लंगडणे दुप्पट झाले. टाचेजवळ बधिर करायचे इंजेक्शन दिले, तशी घोडी जवळजवळ सरळ चालू लागली, म्हणजे दुखणे खुरातच होते. एक्स-रे स्वच्छ आला. मग खुराच्या वरच्या कडेला सोनोग्राफीचे यंत्र लावून त्यांनी मला पडद्यावर दाखवले. खुरातल्या सांध्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी लिगामेंट असतात. त्यांतले बाहेरच्या बाजूचे सुजून फाटले होते. "वरचा भागच दिसतोय," त्या म्हणाल्या, "खाली खुराच्या आत किती फाटलंय ते इथे कळायची सोय नाही. पण डांबरावर गिरक्या घेऊन पाय पिळवटलाय, हे नक्की."

शेठचे धाकटे भाऊ मागे उभे होते. ते म्हणाले, "मंग ठेवून काय फायदा? दलाल येतोय रविवारी, दिऊन टाकू."

मीही म्हणालो की असा घोडा पुन्हा कामाचा होणे कठीण. वैद्यकीयदृष्ट्या ते खोटे नव्हते. पण ते बोलताना, या प्रकरणात सुमतीबाईंना यश येऊ नये असे मला वाटत होते, हे मी आज मान्य करतो.

सुमतीबाई मंदावहिनींना म्हणाल्या, "खात्री देत नाही. पण मला एक वर्ष द्या. नाचणं आता कायमचं बंद. चालणं-धावणं परत येईल असं वाटतं." वहिनींनी दिरांकडे न बघता सांगितले, "रविवारी कोन येनार नाय."

उपचारात चमत्कार काहीच नव्हता. नालबंदाला बोलावून त्यांनी एक वेगळी नाल बनवून घेतली, बाहेरची बाजू रुंद, म्हणजे मऊ जमिनीत ती बाजू खचून दुखऱ्या लिगामेंटवर ताण येणार नाही. पहिले काही आठवडे घोडी पागेतच. मग पागा ते गावदेवीचे देऊळ या सिमेंटच्या सरळ गल्लीत, हातात दोर धरून, दिवसातून दोनदा पाच मिनिटे. दर आठवड्याला थोडी मिनिटे वाढवायची. वळवायचे तेव्हा मोठ्या वळणाने. गोल फिरवायचे नाही, पळवायचे नाही. मिनिटांचा हिशेब पागेच्या भिंतीवर खडूने लिहिलेला असे.

तिसऱ्या महिन्यात चांदणी चालताना इतकी छान दिसू लागली की नवख्याला दुखणे कळले नसते. त्याच सुमारास भावाच्या आजारपणामुळे सुमतीबाईंना आठ-दहा दिवस कुडाळला जावे लागले. जाताना त्यांनी मला सांगितले, "सर, एकदा नजर टाकाल का?" मी गेलो. घोडी उतावीळ झाली होती, दोर ओढत होती. शेठने विचारले, "डाक्टर, आता दौरवू का जरा?"

मला उत्तर माहीत होते. असे लिगामेंट बाहेरून बरे दिसू लागते तेव्हा आतून कच्चेच असते, हे मी दवाखान्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवलेले आहे. तरी मी म्हणालो, "दौडवा की. बाई जरा भित्र्या आहेत."

घोडी बरी झाली हे जाहीर करणारा माणूस मला व्हायचे होते. एवढेच.

शेठने तिला अंगणात लांब दोरावर अर्धा तास गोल पळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तीन पायांवर उभी होती.

सुमतीबाई कुडाळहून परतल्या तशा थेट पागेत आल्या. मीही तिथे होतो. अंगणाच्या मुरुमात खुरांचे गोल रिंगण उमटलेले होते. त्या रिंगणाकडे बघत त्यांनी विचारले, "कोणी सांगितलं?"

शेठने माझ्याकडे पाहिले. मी घोडीच्या पायाकडे पाहिले. मग सुमतीबाई मंदावहिनींना म्हणाल्या, "वहिनी, आम्हा दोघांकडून घाई झाली. सरांशी बोलणं झालं होतं माझं. अंदाज चुकला आमचा."

असे कोणतेही बोलणे झालेले नव्हते.

त्यांचा मला सर्वांत जास्त हेवा वाटला तो त्या क्षणी. कौशल्य शिकता येते, बारीक हात जन्मजात मिळतो असे म्हणून मनाची समजूत घालता येते. पण दुसऱ्याच्या चुकीखाली आपले नाव लिहायला लागणारे मन माझ्याकडे नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळले, आणि कळल्यावर कृतज्ञता वाटण्याऐवजी राग आला.

फाटकाबाहेर, स्कूटरपाशी, त्या मला म्हणाल्या, "सर, का केलंत असं?"

"घोडी दोर ओढत होती," मी म्हणालो.

त्यांनी पिशवी स्कूटरला अडकवली. मग म्हणाल्या, "आता पुन्हा पहिल्यापासून. मंगळवार आणि शुक्रवार तुम्ही चालवायचं. मी सांगेन तेवढीच मिनिटं."

मी आयुष्यात कोणाची एवढी मुकाट्याने आज्ञा पाळली नसेल. ठाण्याहून मानपाड्याला, आठवड्यातून दोनदा, आठ-नऊ महिने. पाच मिनिटे, सात मिनिटे, दहा मिनिटे. चौसष्टाव्या वर्षी पांढऱ्या घोडीचा दोर धरून देवळापर्यंत जाणारा आणि परत येणारा डॉक्टर बघायला गल्लीतल्या बायका दारात येत. एक आजी दर वेळी विचारायच्या, "डाक्टर, नवरा कुठं हाय?" चांदणी मला ओळखू लागली. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहायची. मी सुखावून जायचो. आणि मग गल्लीच्या टोकाला सुमतीबाईंच्या स्कूटरचा आवाज झाला की हनुवटी उचलली जायची, कान तिकडे वळायचे, आणि मी नुसता दोर धरणारा माणूस उरायचो.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी सुमतीबाईंनी प्रथमच तिला दुडक्या चालीने धावायला लावले. आधी सरळ, मग मोठ्या गोलात, डाव्या अंगाने. आम्ही सगळे तिची मान बघत होतो, कारण पाय दुखत असला की घोड्याची मान खालीवर होते. मान स्थिर होती. सोनोग्राफीतही लिगामेंट भरून आलेले दिसले. मंदावहिनी भिंतीला टेकून बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. धाकट्या भावांनी न सांगता हिरवा चारा आणून टाकला. आता चांदणी वरातीत जाते ती फक्त चालत. बँजोवाल्यांना शेठ आधीच बजावतात, "आमची घोरी नाचनार नाय, नवऱ्याला नाचवा."

त्या सकाळी शेठने दोन हार आणले होते. सुमतीबाईंनी आपला हार काढून मंदावहिनींच्या गळ्यात घातला. माझा मी काढला नाही. वागळे इस्टेटपर्यंत तसाच घालून आलो, आणि दवाखान्यात शिरण्याआधी गाडीत बसून बराच वेळ त्याकडे बघत होतो.

मंदावहिनी, शेठ, तुम्ही हा ग्रंथ वाचाल म्हणून लिहितो. घोडीला दौडवण्याबद्दल सुमतीबाईंशी माझे काहीही बोलणे झालेले नव्हते. चांदणीचे ते वाया गेलेले तीन महिने माझे एकट्याचे आहेत. सुमतीबाई, हे वाक्य तुम्हाला स्कूटरपाशी हवे होते. मला ते लिहायला तीन वर्षे लागली. चूक झाली.

समितीच्या सूचनेप्रमाणे शेवटी शुभेच्छा द्यायच्या आहेत. सुमतीबाईंना उत्तम आरोग्य लाभो, त्यांची दृष्टी आणि तो बारीक हात असाच शाबूत राहो, आणि जनावराकडे बघत बसायला त्यांना पुष्कळ निवांत वर्षे मिळोत. यात माझा स्वार्थ आहे. एवढा हेवा करण्याजोगे दुसरे माणूस या वयात मला सापडणार नाही. त्यांनी खूप जगावे, आणि माझ्यापुढेच राहावे.