रहीमची हजेरी

मी मूळचा कराडचा. अमेरिकेत शिकायला गेलो, हिंदी-उर्दू येतं म्हणून तिथल्या आर्मीने घेतलं आणि पहिलं पोस्टिंग मिळालं जर्मनीत. आता नोकरी सोडून इथेच जर्मनीत, एर्लांगेनला असतो. इथले मराठी इंजिनिअर जेवायला बोलावतात आणि विचारतात, दुसरं महायुद्ध संपून इतकी वर्षं झाली, मग अमेरिकेचे तळ अजून इथे कशाला? माझ्या आईने ते फोनवरच निकालात काढलं होतं, "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी." मी हे सांगितलं की त्या इंजिनिअरांतला चिन्मय "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, म्हणतो आणि आणखी भात वाढून घेतो. मला मात्र आता या चर्चेचा कंटाळा येतो.

जर्मनीतून मला अफगाणिस्तानात पाठवलं होतं. तिथे रहीम आमचा दुभाष्या होता. गस्तीवर आमच्या पुढे चालायचा, तोही हत्याराशिवाय. एकदा त्याने विचारलं, "सार्जंटसाहब, आप यहाँ क्यों आए?"

"सिटिझनशिप के लिए."

"और अमरीका?"

"वो मुझे किसी ने नहीं बताया."

तो हसला. त्याला आम्ही व्हिसाचं वचन दिलं होतं. वर्षानुवर्षं देतच होतो.

अमेरिकेने काबूल सोडलं तेव्हा मी पुन्हा जर्मनीतल्या तळावर होतो. काबूलहून आणलेल्या लोकांसाठी धावपट्टीशेजारी तंबू ठोकले होते. सकाळच्या विमानाने रहीम आला, स्ट्रेचरवर. काबूल विमानतळाच्या गेटवर, गर्दीत गोळी लागली होती. सोबत बायको जरीना. दुपारी तो गेला.

आमच्या आर्मीत मेलेल्या सैनिकासाठी शेवटची हजेरी घेतात. जिवंत माणसं ओ देतात. गेलेल्याचं नाव तीनदा पुकारतात, उत्तर येत नाही, मग बिगूल वाजतो. रहीमसाठी ती व्हावी, एवढंच मला हवं होतं.

"तो सोल्जर नव्हता," हजेरी घेणारा माझा वरिष्ठ, फर्स्ट सार्जंट, म्हणाला.

"ते गोळीला सांगायला हवं होतं, फर्स्ट सार्जंट."

त्याने हजेरीचा कागद काढून त्यावर रहीमचं नाव लिहिलं. मग म्हणाला, "उद्या सकाळी. हँगरमध्ये."

आम्ही मोजकेच जण रांगेत उभे होतो. जरीना बाजूला खुर्चीवर. तिला ही पद्धत समजावून सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

"सार्जंट जाधव!"

"हिअर, फर्स्ट सार्जंट!" मी ओ दिली.

एकेक नाव झालं.

"रहीम!"

शांतता.

"इंटरप्रीटर रहीम!"

जरीना आमच्या तोंडांकडे बघू लागली. तिच्या नवऱ्याच्या नावाला कुणीच ओ देत नव्हतं.

"इंटरप्रीटर अब्दुल रहीम!"

ती उठून उभी राहिली. पदर सारखा करावा तशी तिने ओढणी नीट केली.

"हाजिर," ती म्हणाली.

बिगूलवाल्याने बिगूल ओठांना लावला, पण त्याला फुंकताच येईना. मी सावधानमध्ये उभा राहून रडलो. फर्स्ट सार्जंटने तिला सॅल्यूट केला आणि हजेरीत रहीमच्या नावापुढे खूण केली, हजर.