पन्नास माणूस जेवला

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आताही खिडकी लावायला म्हणून दोनदा उठलो — ती लावलेलीच होती.

मी जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलं. चिपळुणात अजूनही लग्नपत्रिका छापण्याआधी माझ्याकडे तपासायला आणतात. कसला माणूस, ते आलं ना लक्षात?

शांताराम अलोऱ्याच्या कॉलनीतला वायरमन. मोबाइलवर क्लिंगॉन शिकला — पडद्यावरच्या परग्रहवासीयांसाठी कुणीतरी बसून रचलेली भाषा. तिच्या वचनांवर त्याने मराठीतून वही लिहिली. बोलणाऱ्यांचं अनेकवचन वेगळं, अवयवांचं वेगळं, उरलेल्या जगाचं वेगळं. वाचनालयाने त्याला त्यावर बोलायला बोलावलं. एरवी त्याला लोक फ्यूज उडाला की बोलावत.

वही तपासायला माझ्याकडे आला. वही चांगली होती. फारच चांगली — तेच मला खुपलं का? हो, तेच.

एका पानावर ‘ङोप’ हा शब्द होता. म्हणजे ताटं. आपल्या वर्णमालेत बिनकामाचा बसलेला ङ, त्याला तिथे नोकरी लागली होती. एका ताटाला शब्द निराळा. ‘ङोप’ मुळातच अनेकवचनी, तरी क्रियापद मात्र एकवचनी, असं त्याने लिहिलं होतं. मी लाल रेघ मारली.

“सर, आपण नाय का म्हणत, पन्नास माणूस जेवला?”

“ती गावंढळ बोली, शांताराम. व्याकरण नव्हे.”

वाचनालयाचे अध्यक्ष शेजारी चहा पीत होते. ते मोठ्याने हसले. मीही हसलो. माझी आई तसंच बोलायची — आणि घरी मीही तसंच बोलतो.

तो गेल्यावर मोबाइलवर शोधलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नियम त्याने लिहिला होता तोच होता. फोन हातातच होता, त्याचा नंबरही होता. मी काय केलं? फोन चार्जिंगला लावला.

दुसऱ्या दिवशी तोच आला. “वाचवलंत सर. चारचौघांत शोभा झाली असती.” व्याख्यान त्याने स्वतःच रद्द करून टाकलं होतं. मी म्हणालो, “असू दे, होतं असं.” — अगदी क्षमा केल्यासारखं.

पुढे त्याने अख्खी वही पुन्हा लिहून मला आणून दिली. सुवाच्य अक्षर, प्रत्येक ‘ङोप’पुढे अनेकवचनी क्रियापद — माझी चूक, त्याच्या हाताने. पहिल्या पानावर ‘सरांनी तपासून दिले.’ ती माझ्या कपाटात आहे. व्याख्यानाला त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

बाजारात भेटतो. पिशवी खाली ठेवून विचारतो, “सर, बरे आहात ना?”

एका माणसाला अनेकवचनी क्रियापद. तिथे मी कधी लाल रेघ मारलेली नाही.