थकवा मोजायला अखाड्यात

आमच्या लॅबमध्ये मशीन एकच बनलं, किस्से मात्र पोत्याने निघाले! मशीन साधंच. दंडाला किंवा मांडीला सेन्सरची पट्टी चिकटवायची, स्नायूचे सिग्नल मोबाइलवर येतात. स्नायू ताजा असला तर हिरवा दिवा, थकला की लाल. ते आजमावायला पहिलवान हवेत, आणि काशीत त्यांना काय तोटा!

*

पहिल्याच दिवशी फजिती. पट्टी लावली की घसरे. मोहरीचं तेल चोपडल्याशिवाय तिथे कुणी मातीत उतरत नाही, हे आम्हा शहाण्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी अखाड्याच्या गुरुजींनी बेसन मागवलं आणि स्वतः एकेकाच्या मांड्या चोळून धुतल्या. वर मला म्हणाले, "का हो डाक्टर, पकौड़ी भी तल दें?"

*

पट्टीसाठी मांडीवरचे केस काढावे लागतात. वस्तरा पाहताच एक दांडगा गडी चक्क पळाला! "सावन में बाल नहीं कटवाते, साहब!" आम्ही थांबलो. सावन संपल्यावर म्हणतो, "भादो भी निकल जाने दीजिए." तोही गेला. मग पितृपक्ष लागला!

*

अखाड्यात मुलगी एकच, कुसुम. राज्याच्या संघाची ट्रायल जवळ आलेली, आणि तिच्या मांडीचा दिवा लालच. थकल्या पायाने खेळून एकदा गुडघा दुखावला होता. आता पुन्हा गेला असता तर कुस्ती कायमची सुटली असती. मी भीत भीत गुरुजींना सांगितलं. त्यांनी ऐकलं, हे त्यांचे उपकारच. "घर जाओ. एक बैठक नहीं मारनी है!"

परतली तर दिवा आणखी लाल! मला वाटलं, मशीनच बिघडलं.

"क्या किया घर पर?"

"कुछ नहीं, गुरुजी. एक बैठक नहीं मारी. बस अम्मा के साथ पंचक्रोशी कर आए. सेलेक्शन की मन्नत थी!"

काशीभोवतीची पाच दिवसांची अख्खी प्रदक्षिणा, तीही अनवाणी!

*

गुरुजींनी कपाळाला हात लावला आणि तिला आमच्या दुर्गाघाटच्या घरी धाडलं, माझ्या आईच्या ताब्यात. आई म्हणाली, "पोरी, इथे पाण्याचा ग्लाससुद्धा उचलायचा नाही, समझलीस?" कुसुमने बादलीला हात लावला की आई ती हिसकावून घ्यायची, आणि स्वतः जिना चढायची. "चाची तो गुरुजी से भी कड़क हैं!" असं पोरगी मला कुजबुजून सांगे. ट्रायलच्या सकाळी दिवा हिरवा होता. मशीन आमचं खरं, पण तो हिरवा दिवा आईने लावला असं मी मानतो, आणि तिचे आभार मानायला मला अजून नीट शब्द सापडलेले नाहीत.

*

कुसुमची निवड झाली. लौंगलता मिठाईचा डबा घेऊन ती धावत घरी आली, तेव्हा आई तिच्यासाठीच पुरणपोळ्या लाटत होती. पोळी लाटता लाटता आईने हात झटकला, पुन्हा लाटणं धरलं. कुसुमने ते पाहिलं. माझ्या बॅगेतून पट्टी काढून तिने गुपचूप आईच्या हाताला चिकटवली.

"अगं, मी काय पहिलवान आहे का?"

पुढची पोळी लाटून व्हायच्या आतच मोबाइल लाल झाला. कुसुमने तो आईसमोर धरला.

आईने चष्म्यावरून पाहिलं. "त्यात काय, रोजच असेल तसा."

कुसुमने तिच्या हातातून लाटणं काढून घेतलं. "चाची, आप बैठिए."

आई बसली. मग दोनदा उठायला गेली. दोन्ही वेळा त्या राज्याच्या पहिलवानाने तिला खांदे धरून खाली बसवलं.