दाजी आणि आंब्याचा धूर

आमच्या दाजींना धुराशिवाय पाहिलेला माणूस अख्ख्या बोरी गावात एकही निघायचा नाही, असं मी बेलाशक सांगू शकतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. ते वळणावरून येताना आधी विडीचा वास यायचा, मग खोकला आणि सगळ्यात शेवटी दाजी. स्टँडवर कुणी काडीपेटीसाठी खिसे चाचपायला लागला की ते आपली पेटती विडी पुढे करायचे. एका विडीवर दुसरी पेटेपर्यंत त्या परक्या माणसाचं गाव, सोयरेधायरे आणि यंदाचा कापूस, सगळं विचारून झालेलं असायचं. त्यांच्या निम्म्या ओळखी अशाच झालेल्या.

विडीच्या बाबतीत त्यांना वादात कुणी हरवू शकलं नाही. पौर्णिमेला विहारात सगळ्यांसोबत पंचशील म्हणताना त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात विड्यांचं बंडल साफ दिसायचं. मी एकदा डिवचलं, तर फळ्यापुढे उभे असल्यासारखे म्हणाले, "मेव्हणे, पाचवं शील नीट ऐका. सुरामेरय म्हणलंय. म्हंजे दारू. विडीचं नाव कुठं हाय त्यात?" गुरुजींशी अर्थावरून कोण भांडणार?

मग आक्काला दम लागायला लागला. परभणीच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि दाजींच्या सदऱ्याचा वास घेऊन सांगितलं, की घरातला धूर थांबला नाही तर बाईंचा दमा वाढतच जाईल. स्वतःचा खोकला जन्मभर हसण्यावारी नेणारे दाजी परत येताना एसटीत खिशातलं बंडल नुसतं चाचपत बसले. घरी येताच त्यांनी मोठ्या निर्धारानं विड्यांचं बंडल चुलीत टाकलं. त्या धुरानं आक्काला नव्यानं ठसका लागला.

थोड्याच दिवसांत त्यांचा पुतण्या हैदराबादहून ई-सिगारेट घेऊन आला. पेनासारखी दिसणारी, मोबाइलच्या चार्जरवर चालणारी, आंब्याच्या वासाची. "काका, यानं विडी सुटती," असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. या वस्तूवर सरकारची बंदी आहे, हे दाजींना पुढे पेपरात वाचून कळलं. शाळेच्या खडूचा तुकडासुद्धा कधी घरी न आणलेला हा माणूस. त्यांची पाचावर धारण बसली. टाकून द्यावी तर तलफ सोडत नव्हती, बाहेर ओढावी तर प्रत्येक खाकी कपड्यात पोलीस दिसायचा. शेवटी त्यांनी नामी तोड काढली. दारं लावायची, खिडक्यांना चादरी बांधायच्या आणि आत बसून ओढायची.

मी गेलो तेव्हा भर वैशाखात घर बंद होतं. आत असा घमघमाट, की कुणीतरी आंब्यांची आढी घातलीय असं वाटावं. "धूर न्हाई हा, वाफ हाय," दाजी दबक्या आवाजात म्हणाले. "इस्तू न्हाई, राख न्हाई." मग जरा उदास होऊन म्हणाले, "पर याच्यावर दुसऱ्याची विडी पेटत न्हाई, मेव्हणे. लय एकट्याचं काम हाय हे."

त्यांच्या मागे आक्का भिंतीला टेकून कसाबसा श्वास ओढत होती. मी भीतभीत म्हणालो, "दाजी, विडी निदान ओसरीवर होती. ही तर आक्काच्या उशाशी आलीय." ते माझ्याकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिले. आक्का म्हणाली, "असू दे रे. त्येंची विडी सुटायलीय ना. तेवढं मी सोसते."

त्या बोलण्यानं दाजी जेवढे खचले, तेवढे डॉक्टरांच्या बोलण्यानंही खचले नव्हते. त्यांनी सगळ्या चादरी ओढून काढल्या, दारं उघडली आणि आक्काला हाताला धरून बाहेर बाजेवर बसवलं. ते यंत्र पुतण्याकडे परत गेलं. पुढच्या पौर्णिमेला विहारात पाचवं शील म्हणून सगळे थांबले, तेव्हा मागून दाजींचा एकट्याचा आवाज आला, "आन् विडी बी. आन् ती आंब्याची बी." माणसं हसली, दाजी हसले नाहीत.

त्यानंतरचे दाजी म्हणजे एक प्रकरणच होतं. बडीशेप, ज्येष्ठमध, खारे शेंगदाणे यांनी खिसे फुगलेले, आणि बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड. रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईंवरसुद्धा ते रागवायचे. स्टँडवर कुणी विस्तू मागितला तर शेंगदाणे पुढे करायचे. समोरचा ते घेऊन निघून जायचा, आणि गप्पा काही व्हायच्या नाहीत. त्याचं मात्र मला वाईट वाटायचं. पण विडी काही त्यांनी पुन्हा हातात धरली नाही.

परवा आम्ही तिघं त्यांच्या शेताकडे निघालो. आक्का भराभरा पुढे चालली होती आणि चालता चालता अखंड बोलत होती. एवढं बोलणं तिच्या छातीला परवडतंय, हे बघूनच मला भरून आलं. मागे वळून पाहिलं तर दाजी बरेच मागे, कुणाच्या तरी बांधावर वाकून उभे. "तूर बघायलोय," त्यांनी हात वर करून सांगितलं. थोडं पुढे आले, पुन्हा थांबले, पुन्हा तूर. त्यांचे खांदे वरखाली होताना लांबूनही दिसत होते. इतक्या वर्षांचा धूर त्यांच्या छातीत तसाच राहिला होता.

मी त्यांना आधार द्यायला निघालो, तर आक्कानं माझा हात धरला. "जाऊ नको. त्येंला वाटंल आपल्याला कळलं," ती हळूच म्हणाली. मग तीही बांधाशी वाकली आणि तुरीच्या शेंगा निरखत, दाजी येऊन पोचेपर्यंत तशीच उभी राहिली.