आबांची जीभ

"कागद ऱ्हाऊ द्या, माल दाखवा," असं म्हणत आबा समोरच्याने पुढे केलेलं सर्टिफिकेट न वाचता उलटं करून टेबलावर ठेवत आणि त्याच्यावर आपला चहाचा कप ठेवत. चाकणच्या आमच्या कंपनीत बाहेरून येणारा माल तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. पत्रा, रबर, रंग, तेल, काहीही येवो, आबांची सही झाल्याशिवाय ते आत जात नसे. मी खरेदी विभागात. म्हणजे मी आणायचं आणि त्यांनी परत पाठवायचं, असा आमचा बावीस वर्षांचा संसार.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पुरवठादाराच्या नावावर चिकटपट्टी लावायची, खडूने एक-दोन असे आकडे घालायचे आणि मगच नमुना हातात घ्यायचा. "नाव दिसलं का डोळा लाचावतो," असं ते म्हणत. कटिंग ऑइलचा थेंब चिमटीत चोळून नाकाशी नेत आणि सांगत, "पाणी हाय ह्यात." लॅबचा रिपोर्ट दोन दिवसांनी तेच सांगायचा. लॅबमधल्या लोकांना आबा आवडत नसत, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

मुलीसाठी तीन स्थळं आली, तर त्यांनी तिन्ही बायोडाटा उलटे ठेवले आणि मुलांना एकेक करून आपल्या गावी, निघोज्याला, गोठ्यात नेऊन म्हशीला चारा घालायला लावला. दोघांनी पुन्हा फोन केला नाही. तिसरा त्यांचा जावई झाला. संसार चांगला चालला आहे, त्यामुळे या पद्धतीवर टीका करायला कुणाला जागा उरली नाही.

आबा मूळचे निघोज्याचे. जमीन एमआयडीसीत गेली, पैसे आले, आणि गावातल्या बऱ्याच जणांसारखी आबांच्या घरातही बाटली आली. साधी नाही, चांगल्यातली. आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ रोज बसत. जीभ तेव्हा तयार झाली, असं आबा पुढे कामाचा अनुभव सांगावा तितक्या सरळपणे सांगत. मग धाकटा भाऊ पिंपरीच्या हॉस्पिटलात लिव्हरने गेला. त्याला पोहोचवून आल्यावर आबांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली, "आजपासून घशाखाली थेंब उतरणार न्हाई." मी ज्या रविवारची गोष्ट सांगणार आहे, त्या रविवारी त्या शपथेला नऊ वर्षं झाली होती.

झालं असं, की आमच्या कंपनीला अमेरिकेतली एक मोठी ऑर्डर मिळाली आणि तिकडून सहा पाहुणे यायचे ठरले. मोठ्या साहेबांना कुणीतरी सांगितलं, की पाहुणे बर्बन पितात. आमच्याकडे बर्बन म्हणजे बिस्कीट. साहेबांनी समजावलं, की ही अमेरिकन व्हिस्की असते, मक्याची, आणि प्रत्येकाला एकेक भारी बाटली द्यायची. पिंपरीच्या दुकानात दोन जातींच्या मिळत होत्या. एक उंच, साडेसात हजारांची. दुसरी बुटकी, जाड काचेची, साडेअकरा हजारांची. साहेब म्हणाले, "दोन्हीची एकेक आण, चव आणि किंमत बघून नीट ठरव, आणि मला लेखी दे."

आता माझी जीभ म्हणजे रहाटणीतल्या सोसायटीच्या गच्चीवर तयार झालेली. बर्फ आणि सोडा घातला की मला सगळं सारखंच लागतं. चुकीची बाटली निवडली तर साहेबांसमोर माझी शोभा होणार, या एकाच भीतीने मी आबांकडे गेलो. नऊ वर्षं मला माहीत होती. तरी गेलो. हे मी आज लपवत नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "मक्याची?" ते म्हणाले. "आमी मका म्हशीला घालतो."

"नव्या पिंपात मुरवतात, आबा. पिंप आतून जाळून घेतात."

हे त्यांना आवडलेलं दिसलं. थोडा वेळ ते खिडकीबाहेरच्या ट्रकांकडे बघत राहिले. मग एखाद्या ड्रॉइंगवरची सूचना वाचावी तशी त्यांनी आपली शपथ वाचली. "घशाखाली, असं म्हणलोय मी. जिभेवर, असं म्हणलो न्हाई. तोंडात घ्यायचं, थुकायचं. बसतंय नियमात." मग थांबून म्हणाले, "पर घरी इचारावं लागंल. शपथ तिच्या डोक्यावरची हाय."

वहिनींनी एकच अट घातली. जे काही होईल ते त्यांच्या समोर होईल.

रविवारी सकाळी मी निघोज्याला गेलो. सकाळीच का, तर जीभ कोरी असते. पुढच्या खोलीत सतरंजी, तिच्यावर आबा, शेजारी रिकामी बादली, कोमट पाण्याचा तांब्या आणि ज्वारीच्या भाकरीचा चतकोर. स्टीलचे पेले आबांनी परत पाठवले होते. स्टीलला वास असतो. वहिनींनी आत जाऊन काचेच्या दोन ग्लासांत ओतलं, खडूने आकडे घातले आणि ग्लास आणून ठेवले. कुठल्या ग्लासात कुठली, हे फक्त त्यांना ठाऊक. मग त्या आबांच्या समोर मांडी घालून बसल्या आणि पदर सावरून त्यांनी नजर आबांच्या गळ्यावर लावली. इतक्या वर्षांत मी पुष्कळ तपासण्या पाहिल्या, पण आबांवर कुणी इन्स्पेक्टर बसलेला पहिल्यांदाच पाहत होतो.

आबांनी पहिला ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. घोट तोंडात घेऊन इकडून तिकडे फिरवला आणि बादलीत थुंकला.

"काकवी," ते म्हणाले. "गुऱ्हाळावर कढई उतरवताना येतो तो वास. लाकूड हाय, पर मागं बसलंय. ल्ह्या."

मी लिहिलं. त्यांनी चूळ भरली, भाकरीचा तुकडा चावला आणि दुसरा ग्लास उचलला.

"हितं लाकूडच म्होरं. फर्निचरच्या दुकानात शिरल्यावानी. तिखट हाय, पर तिखट लगी सरतंय. मागं काय ऱ्हात न्हाई."

मग पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. वहिनींची पापणी लवली नाही. मी फोनवर टिपणं घेत होतो. शेवटी आबा म्हणाले, "पक्कं करून घेतो," आणि त्यांनी पहिला ग्लास तिसऱ्यांदा उचलला. मी मान वर केली तेव्हा ग्लास खाली ठेवलेला होता आणि वहिनींची नजर सतरंजीवर होती.

"एक नंबर," आबा म्हणाले.

वहिनींनी सांगितलं, एक नंबर म्हणजे उंच बाटली. स्वस्तातली. मी खूश झालो. आबांनी दोन्ही बाटल्या हातात तोलून पाहिल्या आणि बुटकीच्या बुडावर टिचकी मारली. "चार हजार जास्त कशाचे? काचंचे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोनी बाटल्या गाडीत ठिवा. आत्ता. चहा मागनं घ्या." त्यांचा आवाज जरा निराळा वाटला, पण मी त्यावर विचार केला नाही. माझं काम झालं होतं.

रिपोर्ट सोमवारी साहेबांच्या टेबलावर गेला. खाली आबांची सही. साहेबांनी तो पूर्ण वाचला, काकवीपाशी हसले, आबांचं कौतुक केलं आणि बुटक्या सहा बाटल्या मागवायला सांगितल्या. "फोटोत वजनदार दिसते रे," ते म्हणाले. मी मागवल्या. आबांना हे सांगावं असं मला रोज वाटायचं आणि रोज काहीतरी दुसरं काम निघायचं. त्यांनीही कधी विचारलं नाही. एकदा सही केली की ते त्या मालाबद्दल पुन्हा बोलत नसत.

पुढे आबा निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच हार्टने गेले. सकाळी धार काढायला बसले होते, तिथेच. इंद्रायणीच्या घाटावर दशक्रिया होती. आपल्याकडे दशक्रियेला भाषणं होतात, हे तुम्हाला माहीत आहे. गेलेला माणूस ओळखू येणार नाही इतकं चांगलं बोलतात. दोन माजी सरपंच बोलले, मग कंपनीतर्फे मला उभं केलं. मी म्हणालो, या माणसाने एकदा शब्द दिला आणि तेरा वर्षं थेंब घशाखाली जाऊ दिला नाही. बायकांमध्ये कुणीतरी हुंदका दिला. मला माझं भाषण बरं झालं असं वाटलं.

नंतर घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसलो, तसं त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तेरा न्हाई. चार."

मला कळलं नाही.

"त्या रविवारी तिसऱ्या येळंला घोट खाली गेला व्हता. मला दिसला. माझ्याकडं बघितलं त्यांनी, मी मान खाली घातली. तुमी गेल्यावर म्हणलं, येवढ्याशानं काय व्हतंय, म्या बघितलं न्हाई असं समजा. तर ऐकंनात. आधीची नऊ वर्सं गेली म्हणले. दुसऱ्या दिवशीपास्नं परत एकपास्नं मोजाया लागले. दोन महिनं लई तरास काढला. रात्री उठून म्हशीपाशी जाऊन बसायचे. पर परत हात लावला न्हाई."

नऊ वर्षं मी एका रविवारी, माझी शोभा होऊ नये म्हणून, त्या माणसाकडून काढून घेतली होती आणि वर चहा पिऊन आलो होतो. शरमेने मला त्यांच्याकडे बघवेना.

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "येक इचारू? ह्यांनी कवा इचारलं न्हाई, पर माझ्या मनात व्हतं. ह्यांनी निवडलेली बाटली पाव्हण्यांना आवडली व्हती का?"

"लई आवडली, वहिनी," मी म्हणालो. "सगळ्यांनी नाव काढलं."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.